वजन कुठं बांधायचं

गेना भोई विचारतो, "खोली किती धरायची?"
नायना म्हणतो, "दहा बाय बारा."
विडी घरकुलातली ती खोली,
आम्ही सहा जण आणि एक माग.
गेना हसत नाही.
गाठी मारलेल्या दोरीचा दगड सोडतो, मोजतो,
सात वाव, साडेसात.
"हितं आधी शाळू व्हायचा," एवढंच बोलतो.

कुगावच्या पुढं उजनीचं पाणी
मार्चात वरचं हातभर कोमट.
खाली गार. मासा खाली.
प्रश्न एवढाच, की हा पत्र्याचा खोटा मासा,
एका डोळ्याचा रंग उडालेला,
चालत्या होडीमागं
तळाच्या जरा वरून कसा न्यायचा.

नायना डबा उघडतो.

शिसं. गोल, भोक पाडलेलं, तंगुसात ओवायचं,
माशाच्या दोन हात अलीकडं.
स्वस्त, कुणालाही जमेल.
पण होडीनं वेग घेतला की वर येतं,
बढती मिळालेल्या जॉबरसारखं,
आणि खाली काही लागलं तरी
हाताला आधी शिशाचंच बोलणं ऐकू येतं.

मग ती पोटात शिसं भरलेली दोरी.
वजन एका जागी नाही, सगळ्या लांबीत वाटलेलं.
दर पाच वावांना रंग बदलतो:
तांबडा, पिवळा, मोरपंखी.
पोट काढून उतरते,
दोन खांबांमधल्या ओल्या चादरीसारखी.
तीस वाव सोडा, तेव्हा कुठं पाच जाते,
आणि एवढं शेपूट घेऊन वळायचं
तर गेनाच्या भावकीची जाळी आडवी.

तळाशी, फडक्यात गुंडाळलेलं,
बिडाचं वजन. दोन किलो.
हे वेगळ्या दोरावर, सरळ खाली.
तंगूस नुसता चिमट्यात धरायचा.
मासा ओढेल, चिमटा सुटेल,
मग मधे कुणी नाही.
चपटं म्हणून गिरक्या घेतं,
तर नायनानं त्याला
तेलाच्या डब्याचा पत्रा कापून शेपटी ठोकलीय.

हे वजन मी ओळखते.
आमच्या मागाच्या बीमला टांगलेलं असायचं.
जड झालं की उभा धागा तुटे,
हलकं झालं की चादरीतले मोर फुगत.
नायना ताण्याला टिचकी मारायचा, कान द्यायचा,
मग वजन दोन बोटं मागं, नाहीतर पुढं.
माग किलोवर गेला त्या दिवशी
सलगर भंगारवाला तराजूपाशी अडून बसला,
"ह्याच्या जोडीचं कुठंय?"
"पडलं असंल," नायना म्हणाला,
पोत्यावर बसून.

आता तेच हातात घेऊन
तो पाण्याकडं बघतोय.
"लोतु," म्हणतो, स्वतःशीच, तेलुगूत.
गेना मोटारीची दोरी गुंडाळतो.
"खाली बाभळी हायत, मालक.
तुमचं वजन अडकलं तर मी दोर कापणार.
होडी तेवढ्यासाठी उलटी करणार न्हाय."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
एक पाणकावळा बुडाला, भलतीकडंच वर आला.

नायनानं वजन माझ्या मांडीवर ठेवलं,
फडक्यासकट.
तंगुसात शिसं ओवलं, अर्धा रुपयाएवढं,
गाठ दातानं आवळली
आणि म्हणाला,
"गेनाबा, मोटार राहू दे. वल्ही घे.
हळू चाललं की हलकं पण खाली जातं."

गेनानं त्याच्याकडं पाहिलं,
पहिल्यांदा नीट.
मग वल्ही पाण्यात घातली,
इतकी सावकाश की काठ हललाच नाही.

तंगूस नायनाच्या तर्जनीवरून जातोय.
तो टिचकी मारतो, कान देतो.
"काय लागलं?" मी विचारते.
"थांब," म्हणतो.
मांडीवरचं बीड उन्हानं तापत चाललंय.
मी ते हलवत नाही.